आत्याने आणलेली नळाकार वस्तू

त्या शब्दकोशाच्या कचेरीची रीतच भलती. कचेरी म्हणजे संपादकांचं राहतं घर. नव्या माणसाने शब्दाचा अर्थ लिहायचा आणि संपादकांच्या आत्याला वाचून दाखवायचा, शब्द मात्र सांगायचा नाही. त्या अर्थात बसेल ती वस्तू आत्याने घरातून हुडकून आणायची. भलतंच काही आणलं की अर्थ नापास. तीनदा नापास, की माणूस घरी. आत्याला हे काम फार आवडायचं. माणसं घरी जाताना ती खिडकीतून हात हलवायची म्हणे.

नव्या आलेल्या मुलीला सगळे नवीच म्हणत. तिच्या वाट्याला आला 'नळाकार'. त्यातही अट अशी, की अर्थात 'नळ' किंवा 'नळी' यायला नको.

सकाळी निघताना वहिनी म्हणाली होती, "जा हो, जा. संध्याकाळची भांडी तुझ्यासाठी ठेवते." भाऊ शेजारीच बसला होता, पण त्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"लांब आणि गोल," तिने पहिल्यांदा वाचलं. आत्या लाटणं घेऊन आली.

"भरीव आहे हे," संपादक म्हणाले. "नापास."

"लांब, गोल, आतून पोकळ." आत्याने दुधाची बाटली आणली, दुधासकट.

"हिला बूड आहे, आत्या," संपादक म्हणाले. "आरपार कुठे आहे ही?"

"मी काय करू," आत्या म्हणाली, "हिने बुडाचं नाव घेतलं नाही."

तिसरा अर्थ नवीने दोनदा खोडून लिहिला. "लांबट, गोल, आतून पोकळ, दोन्ही तोंडं उघडी." झालं होतं की हे! पण घाबरलेला माणूस आमटीत मीठ दोनदा घालतो. तिने पुढे जोडलं, "आणि जिच्यातून धूर जातो अशी वस्तू."

आत्याने ऐकलं, मान डोलावली आणि गेली.

बराच वेळ झाला, ती येईना. संपादक चष्मा पुसत बसले. नवीला संध्याकाळची भांडी दिसायला लागली, तळाला करपलेली. आतून खण् खण् आवाज आला. मग काहीतरी पडलं.

"आतल्या खोलीत काय आहे हो?" नवीने विचारलं.

"काही नाही. पुस्तकं, खाट आणि पेटलेली शेगडी."

नवी ताडकन उठली. धूर! आपणच लिहिला की तो.

तेवढ्यात दाराखालून धूर आला. असा आला, की भिंतीवरच्या घड्याळालाही ठसका लागला आणि ते दोन टोले जास्त देऊन मोकळं झालं. धुरातून आत्या आली. नाकापासून कानापर्यंत काळी, आणि हातात दोन फडक्यांत धरलेलं शेगडीचं अख्खं पत्र्याचं धुराडं.

"घ्या," ती म्हणाली. "जपून, गरम आहे."

संपादकांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आत जाऊन शेगडीवर बादली ओतून आले. नवी पिशवी उचलून दारापाशी उभी राहिली. खोकून खोकून संपादकांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी वाकून धुराड्यात पाहिलं. पलीकडून आत्याचा एक डोळा त्यांच्याकडे बघत होता.

"आरपार आहे," ते म्हणाले. "पास. फक्त तो धूर खोडा."

"धूर खोडला असता तर हे मी कुठून आणलं असतं?" आत्याने विचारलं.

"म्हणूनच खोडा म्हणतोय." ते नवीकडे वळले. "पिशवी ठेवा खाली. अजून शब्दाच्या वापराचं वाक्य राहिलंय."

नवीने पिशवी ठेवली, पण तिचा पट्टा हातातून सुटेना.

"धुराडं नळाकार असतं," ती हळूच म्हणाली. "पेटत्या शेगडीवरून ते काढू नये."

"दुसरं वाक्य माझ्यावर आहे," आत्या म्हणाली. "लिहू नका ते."

संपादकांनी दोन्ही लिहून घेतली. नवी मात्र संध्याकाळी उशिरा घरी गेली. भिंती पुसायच्या होत्या ना.