रुंद चौकट

चौकटबाई जिना उतरून धुलाईच्या हॉलमध्ये पोचल्या तेव्हा तीन नंबरचं यंत्र बंद होतं आणि त्याच्या दाराला कुणीतरी दोरी बांधून ठेवली होती. बाकीची सात यंत्रं चालू होती. इस्पितळांतून आलेल्या चादरींचे ढीग नेहमीसारखे भिंतीला लागून उभे होते. तीन नंबरसमोरची फरशी तेवढी ओली होती. ती कशासाठी धुतली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास त्या यंत्रावर काम करणाऱ्या बाईचा उजवा हात फिरत्या ड्रममध्ये गेला होता.

यंत्राशेजारच्या खिळ्याला सुरक्षेची पुस्तिका लटकत होती. सातवं पान उघडं होतं. पानावर एका ओळीत चार सारख्या चौकटी: बाई बटण दाबते, बाई खटका खाली ओढते, बाई दार उघडते, बाई चादरी बाहेर काढते. चित्रांखाली बारीक अक्षरांत एक ओळ, आणि पानाचा वरचा अर्धा भाग व्यापून मोठ्या मालकांचा हसरा फोटो.

चौकटबाईंनी पुस्तिका खिळ्यावरून उपसली. तिची दोरी तुटली. शेजारच्या यंत्रावरची बाई म्हणाली, "न्या, न्या. आता काय उपयोग तिचा?"

ते पान चौकटबाईंनी केलेलं होतं. म्हणजे, केलेलं होतं ते हे पान नव्हतं, आणि त्यांचा सगळा राग तिथूनच सुरू होत होता.

वीस वर्षं त्या मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रकथांची पानं लावत होत्या. चित्रं दुसऱ्यांची, गोष्ट दुसऱ्याची. कोणती चौकट केवढी, कुठे, कशानंतर, एवढंच यांचं काम. नाव छापून यायचं नाही. पण तिथले म्हातारे मुख्य चित्रकार, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी पहिल्याच महिन्यात यांना चौकटबाई करून टाकलं, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

आबांनीच त्यांना काम शिकवलं होतं, तेही ओरडून. एका गोष्टीत म्हातारीला पत्रातून मुलगा गेल्याची बातमी कळते असा प्रसंग होता. यांनी हौसेने सहा छोट्या चौकटी आखल्या: पत्र, चष्मा, डोळे, अश्रू, पुन्हा पत्र, पुन्हा अश्रू. आबांनी सगळ्या खोडून टाकल्या. म्हणाले, "बातमी पोटात उतरायला वेळ लागतो. तो वेळ तू कुठे ठेवलास?" मग त्यांनी पानभर आडवी एकच चौकट आखली. एका टोकाला म्हातारी, तिच्या मांडीवर पत्र, आणि उरलेली सगळी रिकामी खोली. छोट्या चौकटींवरून डोळा धावतो, रुंद चौकटीत तो थांबतो. पानावर वेळ दाखवायचा तर त्याला जागा द्यावी लागते. हे चौकटबाई नंतर कधी विसरल्या नाहीत. मुलं पत्रं पाठवायची की अमुक पानावर आम्ही श्वास रोखून बसलो होतो. पत्रं चित्रकाराच्या नावाने यायची. आबा ती यांच्या टेबलावर आणून टाकायचे आणि निघून जायचे.

साप्ताहिक बंद पडलं. चौकटबाई धुलाई कारखान्याच्या माहिती विभागात लागल्या. सूचनाफलक, ओळखपत्रं, वार्षिक अहवालाची मुखपृष्ठं. काम भिकार होतं, पण त्यांनी नाक मुरडलं नाही.

मग गेल्या वर्षी पुस्तिकेचं काम आलं. यंत्रांच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप असतं. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय ते उघडत नाही. आठांपैकी पाच यंत्रांची कुलपं कधीच कामातून गेली होती. बटण दाबल्यावरही ड्रम दीड-दोन मिनिटं गरगरत राहतो आणि दार मात्र हात लावला की उघडतं. कुलपं दुरुस्त करायच्या ऐवजी पुस्तिका छापायचं ठरलं. धुणाऱ्यांतल्या निम्म्याजणींना अक्षरओळख नव्हती, म्हणून चित्रं हवी होती.

चौकटबाईंनी सातव्या पानावर तीन आठवडे घालवले. त्या हॉलमध्ये जाऊन उभ्या राहायच्या, बायकांचे हात बघायच्या. त्यांच्या पानावर वर दोन छोट्या चौकटी होत्या, बटण आणि खटका. खाली दोन छोट्या, दार आणि चादरी. आणि मध्ये, अर्धं पान खाऊन, एक रुंद चौकट. तिच्यात बाई हाताची घडी घालून उभी आहे आणि ड्रम फिरतो आहे. डावीकडून उजवीकडे तोच ड्रम पाच वेळा, प्रत्येक वेळी जरा मंद, शेवटी स्थिर. बस्स. त्यांनी ते पान दोन धुणाऱ्यांना दाखवलं होतं. एकीने रुंद चौकटीवर बोट ठेवून विचारलं होतं, "इथे हिला थांबायचंय, होय ना?" ती तीन नंबरवालीच होती.

विभागाच्या साहेबांना ती चौकट खटकली. त्यांना मोठ्या मालकांचा फोटो आणि संदेश प्रत्येक पानावर हवा होता. त्यांनी पेन्सिलने रुंद चौकटीवर फुली मारली. म्हणाले, यात काही घडतच नाही, बाई नुसती उभी आहे, जागा फुकट जाते. चौकटबाईंनी समजावून पाहिलं की घडत नाही म्हणूनच ती हवी. साहेब म्हणाले, मग खाली एक ओळ लिहू, 'ड्रम थांबेपर्यंत थांबावे', झालं तुमचं समाधान? चौकटबाई म्हणाल्या, वाचणार कोण? साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. छापखान्याचा माणूस खाली बसला होता. टेबलावर चौकटबाईंचा रजेचा अर्जही पडला होता. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. साहेबांनी अर्जावर सही केली, आणि मग बदललेलं पान पुढे सरकवून पेन तसंच उघडं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी सही केली. 'तपासले, छपाईस हरकत नाही' या शिक्क्याखाली.

अपघातानंतर चौथ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. तीन नंबरवाली खाटेवर बसून होती. हात कोपराखाली काढला होता. तिची आई पायथ्याशी बसली होती आणि कुणी आलं की उठून उभी राहत होती, जणू चूक त्यांच्याकडूनच झाली होती. कारखान्यातून एक माणूस कागद घेऊन येऊन गेला होता म्हणे. कामगाराने लेखी सूचना पाळली नाही, असं त्यात होतं. अंगठा उठवायला सांगत होता. आईने विचारलं, कोणता अंगठा? तेव्हा तो गेला.

तीन नंबरवालीने चौकटबाईंकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "बाई, आधी आम्ही मनानेच थांबायचो. मग तुमचं पुस्तक आलं. मला वाटलं, आता यंत्रं सुधारली असतील, थांबायला नको. चित्रात होतं तसंच केलं मी."

 जिन्यावर आल्यावर चौकटबाईंनी कठड्याला इतकं घट्ट धरलं की एका परिचारिकेने विचारलं, चक्कर येते का? चक्कर नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणाच्या अंगावर ओतावी हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत न विचारता शिरल्या. साहेब शांत होते. सूचना छापलेली आहे, ओळ स्पष्ट आहे, समिती नेमली आहे, पुस्तिकेबद्दल कुणी विचारणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि विचारलंच तर मंजुरीची सही कुणाची आहे, हे बाईंना आठवत असेलच. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, शांतपणे काढावीत. असं म्हणून त्यांनी हात झटकले. दोन्ही हात.

घरी नवरा वाट पाहत होता. तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, तीस वर्षांत एक ओरखडा न काढलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, समितीला मूळ पान दाखव, साहेबांनी चौकट काढली म्हणून सांग, पण सहीचं तू होऊन कशाला बोलायचं? ते शोधतील तेव्हा शोधतील.

"मग माझ्यात नि त्याच्यात फरक काय राहिला?" चौकटबाई म्हणाल्या. आवाज एवढा चढला की आतल्या खोलीतून सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. ऑपरेशननंतर त्यांना आता सुईत दोरा ओवता येत होता, आणि ते त्या येईल त्याला सांगत असत. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही. रजेच्या अर्जापायी ती सही झाली, हे त्यांनी आतून ऐकलं होतं.

"माझा डोळा महिनाभर थांबला असता, सूनबाई," त्या म्हणाल्या. "मला विचारायचंस तरी."

 चौकटबाई रागाने भांडी घासत बसल्या. एक पातेलं तर त्यांनी तीनदा घासलं.

समितीत तिघे होते: कारखान्याचे वकील, कारखान्याचे डॉक्टर, आणि बाहेरच्या कामगार कचेरीतून आलेले एक वयस्कर अधिकारी, जे अध्यक्ष होते. साक्षीला चौकटबाईंना कुणी बोलावलंच नव्हतं. त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत शिपाई त्यांना सांगत होता की तुमचं नाव यादीत नाही, आणि त्या म्हणत होत्या की माहीत आहे. शेवटी अध्यक्षच पाणी प्यायला बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, या बाई कोण? पुस्तिका करणाऱ्या, असं कळल्यावर त्यांनीच त्यांना आत बोलावलं.

आत साहेब बसलेच होते. वकिलांनी पुस्तिका उघडून ओळ वाचून दाखवली. स्पष्ट मराठी, सोपी भाषा, आता याहून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

चौकटबाईंनी पुस्तिका अध्यक्षांसमोर सरकवली. अक्षरांवर तळहात ठेवून ती झाका, अशी विनंती केली. अध्यक्षांनी जरा नवलाने ती झाकली.

"आता सांगा साहेब, खटका ओढल्यावर ही बाई काय करते?"

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "दार उघडते," ते म्हणाले. आणि मग त्यांचा हात पानावर तसाच राहिला.

चौकटबाईंनी पिशवीतून मूळ पान काढून शेजारी ठेवलं, पेन्सिलच्या फुलीसकट. त्या पानाकडे कुणी बराच वेळ पाहत राहिलं तर ते डॉक्टर. वकील म्हणाले, हा कलेचा प्रश्न झाला, कुणाला मोठं चित्र आवडतं, कुणाला छोटं. तेव्हा मात्र चौकटबाईंचा तोल गेला. त्यांचं बोलणं धड नव्हतं.  शोभेसाठी आखली नव्हती हो ती, त्या म्हणाल्या. दीड मिनिट होतं ते. माणसाचा हात वाचवायचं दीड मिनिट तुम्ही काढून तिथे फोटो लावलात. कुलपं दुरुस्त केली असतीत तर ना माझी चौकट लागली असती, ना तुमचा फोटो. साहेब मध्येच म्हणाले की मंजुरी या बाईंनीच दिलेली आहे.

"होय, दिली," चौकटबाई म्हणाल्या. "मला कळत होतं, तरी दिली. तेही लिहून घ्या. पण त्या मुलीने सूचना मोडली असं लिहू नका. तिने पाळली."

 अध्यक्षांनी लिहून घेतलं.

निकाल महिन्याभराने लागला. तीन नंबरवालीला दोष नाही, तिची नोकरी कायम, तिला हलकं काम द्यावं. पुस्तिका मागे घ्यावी, कुलपं तीन महिन्यांत बसवावीत. साहेबांना समज देण्यात आली आणि पुढल्याच महिन्यात मुख्य कचेरीत मोठी खुर्ची देण्यात आली. चौकटबाईंना निष्काळजी मंजुरीबद्दल माहिती विभागातून काढून घडीच्या हॉलमध्ये पाठवण्यात आलं. पत्र वाचून त्या संतापल्या. शिक्षेचा त्यांना राग नव्हता, तो साहेबांच्या खुर्चीचा होता. पुढे कितीतरी दिवस जेवताना मध्येच त्यांचा घास थांबायचा आणि नवरा ओळखायचा की आता ती खुर्ची आठवली.

घडीच्या हॉलमध्ये लांब टेबलं होती आणि वाळलेल्या चादरींचा गरम वास होता. मुकादमाने पहिल्याच दिवशी त्यांना शेवटच्या टेबलावर नेलं. तिथे तीन नंबरवाली उभी होती. मुकादमाने हे मुद्दाम केलं की विचार न करता, कोण जाणे.  चौकटबाईंनी इस्पितळात जाऊन आल्यापासून मनात जुळवलेलं माफीचं एक वाक्य होतं. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात तीन नंबरवालीने गठ्ठ्यातली चादर ओढली. एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं उजव्या कोपराखाली दाबलं, आणि उरलेली चादर त्यांच्याकडे भिरकावली.

"ताणून धरा, बाई. सैल पडली की सुरकुती राहते."

चौकटबाईंनी दोन्ही टोकं पकडली आणि चादर ताणली. मग दोन्ही टोकं जुळवत त्या तिच्याकडे चालत गेल्या. तीन नंबरवालीने डाव्या हाताची बोटं उघडली, स्वतःच्या टोकावर त्यांची टोकं घेतली, मूठ मिटली, आणि मानेनेच खुणावलं, पुढची घ्या.