केसलरबाईंचं लॉन

अर्डिथने गवत कापायचं यंत्र इतकं खाली उतरवलं होतं की लॉनचं मुंडणच चाललं होतं. रस्त्याच्या या बाजूला मी पोर्चमध्ये कॉफी पीत बसलो होतो. मला राहवेना.

"अगं, मुळासकट उपटतेस की काय!"

"बी मातीला टेकायला पाहिजे, नॉर्ब. वर्लिन असंच करायचा."

"वर्लिन करायचा तेव्हा तू लेमोनेडचा ग्लास घेऊन उभी असायचीस."

"मग आता लेमोनेड तू कर. शेजारी म्हणून एवढं तरी जमेल ना?"

अर्डिथ केसलर म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात गावातल्या दोन पिढ्यांना जेवू घालून निवृत्त झालेली बाई. मी त्याच शाळेची बस चालवायचो. ओहायोतल्या आमच्या गल्लीत माणसाला त्याच्या लॉनवरून ओळखतात, आणि तिच्या नवऱ्याच्या, वर्लिनच्या, लॉनकडे बघून बाकीचे आम्ही आपापल्या बायकांची बोलणी खायचो. वसंतात वर्लिन गेला. उन्हाळा संपेतो गवत विरळ झालं, जागोजागी टक्कल पडलं.

ऑगस्टमध्ये तिचा मुलगा कर्टिस आला आणि ते बघून म्हणाला, "मॉम, हे घर आता तुला एकटीला झेपत नाही. कोलंबसला माझ्या घराजवळ फ्लॅट बघून ठेवलाय."

अर्डिथ भडकली. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला जेवायला ये. लॉन भरलेलं दिसलं तर त्या फ्लॅटचं नाव काढायचं नाही. नाही दिसलं तर मी बॅग भरून तयार असेन."

ती बोलली म्हणजे बोलली. म्हणून तर मला काळजी वाटत होती.

त्या सप्टेंबरात तिने मेहनतीत कसूर ठेवली नाही. मेलेलं गवत दाताळ्याने खरवडून काढलं, निम्मं बी उभं टाकलं, निम्मं आडवं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पोस्टमन सवयीने लॉनवरून आडवा आला तर त्याच्यावर पाइप रोखला. पुढे इतरांच्या अंगणात हिरवी लव दिसू लागली. अर्डिथकडे मात्र नुसती ओली माती. ती गुडघे टेकून, चष्मा पुसून पुसून बघायची.

ऑक्टोबरात तिचं दाताळं परत ठेवायला मी तिच्या गॅरेजमध्ये गेलो, तर कोपऱ्यात एक रिकामी पिशवी दिसली. रानगवताचं बी रुजू नये म्हणून टाकतात ते औषध. त्याला रानटी काय नि पेरलेलं काय, सगळं बी सारखंच! महिनोन्‌महिने ते काही रुजू देत नाही. पिशवी घेऊन मी तडक तिच्या स्वयंपाकघरात गेलो.

"हे कोणी टाकलं?"

तिने पिशवी वाचली आणि खुर्चीत बसली. "कर्टिसने. आला होता तेव्हा. मी आत केक भाजत होते. येऊन म्हणाला, मॉम, डॅडच्या लॉनला जरा औषध घातलं. केवढा खूश होता!"

"मग कर त्याला फोन! पैज गेली उडत."

"नाही करायचा. आणि तूही बोलायचं नाहीस."

"अर्डिथ, तुझं घर जाईल!"

"वर्लिनने त्या पोराला कधी यंत्राला हात लावू दिला नाही. रांगा वाकड्या जातात म्हणायचा. बाप गेल्यावर त्याने पहिल्यांदा बापाच्या लॉनसाठी काहीतरी केलं, आणि मी त्याला सांगू, की बाबा रे, तूच मारलंस म्हणून?"

बस चालवताना त्या पोराला मी रोज बघितलं होतं. बापासारखीच टोपी घालून बसायचा.

अर्डिथने पिशवीची घडी करून ती कचऱ्यात टाकली. "औषधाचा जोर थंडीत उतरतो. जमीन गोठायच्या तोंडावर बी टाकलं की ते हिवाळाभर झोपून राहतं आणि वसंतात उठतं. मी परत पेरणार."

थँक्सगिव्हिंगला मीही जेवायला होतो. टर्की झकास झाली होती, पण कर्टिसचा घास काही खाली उतरत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "मॉम, आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं. बॅग भरलेली आहे. पण आधी लॉन पेरायचंय." ती उठून कोट चढवू लागली.

कर्टिस माझ्याकडे वळला. "मिस्टर हॉफर, तुम्ही तर रोज बघत होतात. का नाही उगवलं?"

अर्डिथ दारात थांबली. सगळं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं.

"उन्हाळ्याने जमीन पार होरपळली होती," मी म्हणालो.

आम्ही दोघं तिच्या मागोमाग बाहेर गेलो. बारीक बर्फ भुरभुरत होता. ती बी पेरायची ढकलगाडी ढकलत होती, उभी आणि मग आडवी.

"जायचंच आहे तर हे कशाला, मॉम?"

"तुझ्या बापाचं लॉन असं टकलं सोडून मी जाणार नाही."

कर्टिसने दाताळं उचललं आणि तिच्या मागून माती ओढू लागला. अर्धं लॉन झाल्यावर त्याने विचारलं, "वसंतात याला पाणी कोण घालणार?"

"इथे जो राहत असेल तो."

"नव्या माणसाला काय कळणार यातलं!" तो वर न बघता म्हणाला. "तू वसंतापर्यंत थांब. मग बघू."

"बघू-बिघू काही नाही. उगवलं तर मी इथेच राहणार."

तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "बरं. उगवलं तर राहा."

"आता कुणी यावर पाय ठेवायचा नाही," अर्डिथने बजावलं. दरवाजा समोरच होता, तरी आम्ही तिघं मोटारीच्या वाटेने घराला वळसा घालून मागच्या दाराकडे निघालो. कोपऱ्यावर ती थांबली. बाहीला चिकटलेलं बी तिने निवडून काढलं आणि हात लांब करून परत मातीवर टाकलं.