भिमाजी तांबटांचा डावा हात

पंचवटीच्या टोकाला, जिथे घरं संपून मळे लागत, तिथे एक पंगुगृह होतं. दारावर दगडात कोरलेलं त्याचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की ते वाचून होईपर्यंत धडधाकट माणसालाही खाली बसावंसं वाटे. आत सतरा खाटा होत्या आणि सतरा खाटांवर सतरा माणसं. कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं, कुणाची कंबर मोडलेली, कुणाला नुसतंच म्हातारपण.

त्यांना उचलणं, पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं ही बहुतेक कामं नाथाकडे. नाथा मूळचा पेठेकडच्या डोंगरातला. भाताची कापणी उरकली की खाली मजुरीला उतरायचं, या रीतीप्रमाणे एकोणीस वर्षांपूर्वी तो पंगुगृहाची कुंपणाची भिंत बांधायला आला होता. भिंत झाली. त्याच दिवशी आतल्या एका आजोबांना उचलायला कुणी सापडेना, म्हणून नाथा हात धुऊन आत गेला, तो आतच राहिला. मागे डोंगरात आता त्याचं घर नव्हतं की शेत नव्हतं. पडवीतली एक वळकटी, तेवढाच पत्ता.

पंगुगृहाचे चिटणीस खादी वापरत आणि दर महिन्याला स्वावलंबनावर व्याख्यान देत. व्याख्यान सतरा खाटांसमोर होई. श्रोत्यांपैकी उठून जाणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यामुळे ते नेहमी यशस्वी होई.

त्या वर्षी, म्हणजे सन चौतीसच्या सुमाराला, सेवकांना शिकवायला तीन महिन्यांसाठी माजिदाबाई आल्या. मोठ्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिका म्हणून काढलेल्या, पांढऱ्या लुगड्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांच्याजवळ एक वही होती. वहीत कामांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे सेवकाची जबाबदारी. नाथाला वाटलं, एकोणीस वर्षं झाल्यावर ही बाई आपल्याला काय नवं सांगणार. कुशी बदलली नाही तर पाठ फुटते, हे त्याला ठाऊक होतं. रोग्यानं किती पाणी प्यायलं आणि किती बाहेर टाकलं हे ध्यानात ठेवायचं असतं, हेही ठाऊक होतं.

माजिदाबाईंनी वही उघडलीच नाही. त्यांनी नाथाला खाटेवर आडवं केलं, हात चादरीखाली घ्यायला लावले आणि धोंडीरामला, म्हणजे दुसऱ्या सेवकाला, सांगितलं की याला पेज भरव.

धोंडीरामनं भरवली. भरवताना तो खिडकीबाहेरच्या एका माणसाशी बैलाच्या शिंगांविषयी बोलत होता. पहिला चमचा घशात असतानाच दुसरा दातांवर आला. तिसरा नाकाकडे गेला. नाथाला पाणी हवं होतं, पण तोंड कधीच रिकामं नसल्यामुळे ते मागता येईना. बैलाची दोन्ही शिंगं संपली तेव्हा पेज संपली.

"काय शिकलास?" माजिदाबाईंनी विचारलं.

"धोंडीरामला लाथ घालावी."

"ते माझ्या वहीत नाही. वहीत असं आहे, की रोग्याला जे स्वतःला करता येतं ते आपण करायचं नाही. मांडीवर हात ठेवून बसायचं. सगळ्यात अवघड काम हेच. कारण तू काम करतोयस हे कुणालाच दिसत नाही."

नाथा त्या दिवसापासून खाटांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला, आणि पाहता पाहता भिमाजी तांबटांपाशी अडला.

भिमाजी तांबट आळीतले. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. वाचा शाबूत, बुद्धी शाबूत, आणि डावा हात तर असा की सुपारी दाबली तर फुटावी. त्या हातानं ते माश्या हाकत, पाठ खाजवत, नाथाच्या खांद्याला धरून उठून बसत. एकदा धोंडीरामच्या कानाखालीही त्याच हातानं वाजवली होती. मात्र जेवणाची वेळ झाली की तो हात आपोआप गोधडीखाली जाई आणि भिमाजी तोंड उघडत. दोन वर्षांत यात कुणालाही वावगं दिसलं नव्हतं. डाव्या हातानं कोण जेवतं? नाथाला आता जरा हसू आलं, कारण त्याचं स्वतःचं निम्मं काम डाव्या हाताचं होतं. साऱ्या पंगुगृहाची स्वच्छता डाव्या हातावर चालली होती.

त्यानं भिमाजींना विचारून पाहिलं. भिमाजींनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. नाथानं मुकाट्यानं भरवलं आणि चार दिवस विषय काढला नाही. पाचव्या दिवशी पाय चेपताना सहज विचारलं, की तांब्याचं घंगाळ घडवताना कुठला हात काय करतो.

भिमाजी खुलले. उजव्या हातात हातोडी, तो ठोकतो. डाव्या हातात भांडं, तो फिरवतो. "ठोकायला काय, कुणीही ठोकतो रे. ठोका पडायचा कुठे ते डावा ठरवतो. तो चुकला की भांडं गेलं. पंचवटीतल्या निम्म्या देवांच्या आंघोळीची भांडी या हातानं..." इतकं बोलून त्यांनी तो हात गोधडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "नाथा, खाट भिंतीकडे फिरव. आणि ताट ठेव. आणि तू बघू नकोस."

खाट फिरवली. पहिल्या दिवशी भात उशीवर, गोधडीवर आणि भिंतीवर गेला. तोंडात किती गेला हे भिमाजींनाच माहीत. नाथा पाठीमागे मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याच्या हातांना इतकी सवय होती की ते आपोआप उठत आणि त्याला ते परत खाली ठेवावे लागत. एकदा चिटणीस डोकावून गेले. म्हातारा सांडतोय आणि सेवक बसलाय, हे त्यांनी पाहिलं आणि मनात ठेवलं.

तीन आठवड्यांनी भिमाजींनी खाट पुन्हा सरळ करायला सांगितली. त्या दुपारी ते सगळ्यांच्या देखत जेवले. वरण-भात, शेवटी ताक. ताट स्वच्छ. नंतर त्यांनी तोंड पुसायलाही नाथाला हात लावू दिला नाही.

पण पंगुगृहाला आणखी एका माणसाचा, हरिकिसनशेटांचा, आधार होता. लासलगावचे कांद्याचे व्यापारी, वय सत्तरीच्या पुढे. पंगुगृहाचं वर्षाचं धान्य त्यांच्याकडून येई. त्यांनी संकल्प केला होता, की बारा द्वादश्या एकाच पंगू माणसाला आपल्या हातानं गोडाचा घास भरवायचा, मगच एकादशीचा उपास सोडायचा. माणूस त्यांनी पारखून निवडला होता. भिमाजींची दाढी पांढरीशुभ्र, तोंड मोठं उघडत, चावताना आवाज नाही. दहा द्वादश्या झाल्या होत्या. दोन उरल्या होत्या.

चिटणिसांनी नाथाला कचेरीत बोलावलं. रागावले नाहीत. उलट समजावून सांगितलं. जो माणूस आपल्या हातानं जेवतो त्याला भरवून पुण्य कसं लागणार? आणि तेही डाव्या हातानं. शेटजी सोवळ्यातले. त्यांनी तो हात ताटात पाहिला तर संकल्प मोडला म्हणून उठतील, आणि वर्षाचं धान्य त्यांच्याबरोबर उठेल. तेव्हा दोन द्वादश्या भिमाजींनी पूर्वीसारखं तोंड उघडावं. पुढे पायानं जेवले तरी हरकत नाही.

"आणि हात दिसला," चिटणीस म्हणाले, "तर नाथा, तू आपला पेठेला जा. बसून राहायला माणूस आम्हाला परवडत नाही."

माजिदाबाईंचे तीन महिने संपून त्या गेल्या होत्या. नाथानं रात्रभर नाही, पण संध्याकाळभर विचार केला. खोटं बोलून भिमाजींना पटवता आलं असतं. शेवटी त्यानं होतं तसं सांगितलं.

भिमाजींनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुझी भाकरी माझ्या तोंडावर आली म्हण."

"तसंच हाय, बाबा. पर तुमी म्हनाल तसं."

"दोन घासांनी काय होतं? उघडीन तोंड." आणि त्यांनी डावा हात गोधडीखाली घेतला.

नाथाची नोकरी वाचली. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण तो हात गोधडीखाली जाताना त्यानं पाहिला होता, आणि त्याला वाटलं की आपण खाट पुन्हा भिंतीकडे फिरवली.

द्वादशीला भिमाजींची खाट कचेरीत हलवली, कारण तिथे देणगीदारांच्या तसबिरी होत्या. शेटजी आले. धूतवस्त्र, कपाळी गंध, मागे चिटणीस, त्यांच्यामागे शेटजींचा मुनीम आणि दोन भाविक. शिऱ्याची चांदीची वाटी नाथानं धरली. भिमाजींनी तोंड उघडलं.

शेटजींनी घास घेतला. तो दाढीत पडला. दुसरा घेतला. तो वाटेतच गळला. चिटणीस तसबिरी पाहू लागले. नाथा मात्र शेटजींचा हात पाहत होता. घास वाटीत असेपर्यंत हात बरा होता. उचलला की तो मनगटापासून हलू लागे, आणि तोंड जवळ येई तसा जास्तच हले.

तिसऱ्या घासाला गोधडीखालून डावा हात बाहेर आला. भिमाजींनी तो वाटीकडे नेला नाही. त्यांनी शेटजींचं मनगट धरलं, हातोडीनं ठोकून मठारताना भांडं धरतात तसं, घट्ट आणि न दाबता. आणि घास सरळ तोंडात आणला.

चिटणिसांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा नाथाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात पेठेचा रस्ता होता.

"सगळे बाहेर जा," शेटजी म्हणाले. "वाटीवाला राहू दे."

दार लागलं. शेटजी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी आपला उजवा हात डाव्यात धरून मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"तुम्ही डाव्यानं जेवता, असं कानावर आलं होतं," ते म्हणाले. "किती दिवस लागले?"

"एकवीस. पण त्यातले आठ लाजण्यात गेले."

शेटजी हळूहळू सांगू लागले. दिवाळीपासून हा हात हळूहळू बिघडत चाललाय, मागच्या द्वादशीपर्यंत घास कसाबसा पोचत होता. सून ताट आणते तेव्हा ते म्हणतात, आज उपास आहे. आज प्रदोष, उद्या चतुर्थी. "लासलगावात माझी कीर्ती झाली आहे. म्हणतात, म्हातारपणी शेट फार धार्मिक झाला." ते हसले नाहीत. "मी उपाशी असतो, भाऊ. घरी कुणाला माहीत नाही."

नाथानं वाटी शेटजींच्या डाव्या बाजूला, हाताला लागेल अशी ठेवली. मग खाली बसून मांडीवर हात ठेवले आणि तसबिरींकडे तोंड केलं.

"घाई करू नका," मागून भिमाजींचा आवाज आला. "सांडलं तर सांडू द्या. हा माणूस बघत नाही."

बराच वेळ गेला. नंतर नाथा रिकामी वाटी घेऊन बाहेर आला. चिटणीस दाराशीच होते.

"काय म्हणाले?"

"आनखी एक वाटी शिरा पायजे."

"ते कळलं. हाताबद्दल काय म्हणाले?"

नाथाला एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की वळकटी पडवीत राहिली असती. पण ते वाक्य त्याचं नव्हतं.

"ते शेटनाच इचारा, साहेब. मला नाय सांगता येणार."

"सांगता येणार नाही?" चिटणिसांनी आवाज खाली घेतला. "मग वळकटी बांध."

नाथानं मान हलवली आणि आधी शिरा आणायला गेला.

वळकटी बांधावी लागली नाही. शेटजी बाहेर आले ते प्रसन्न होते. त्यांनी चिटणिसांना सांगितलं, की बारा द्वादश्यांनी भागणार नाही. आता दर आठवड्याला येईन. दार बंद हवं, आत भिमाजी आणि हा वाटीवाला, बाकी कुणी नको. चिटणिसांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि वार्षिक अहवालात लिहिलं, की शेटजी प्रसिद्धीची यत्किंचितही हाव न धरता, बंद दाराआड, स्वहस्ते एका पंगू वृद्धास भरवतात. ते वाचलं गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. भिमाजींनी एकाच हातानं खाटेच्या लाकडावर थाप मारली.

त्या खोलीतून दर वेळी दोन वाट्या बाहेर येत. नाथा त्या धोंडीरामकडे न देता स्वतः घासी, कारण एका वाटीला शिरा बाहेरूनही लागलेला असे आणि धोंडीरामला प्रश्न विचारायची खोड होती. पहिल्या खेपेला ती वाटी बुडापर्यंत माखलेली होती. पाचव्या खेपेला फक्त कडेला थोडा होता.