न्यूट्रॉनबाबाचा केशरी रुमाल

दिलसुखनगरच्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. साल १९९४. बाजार खुला झाला, परदेशी टीव्ही आले, साबण आले, मग परदेशी चमत्कारानंच का मागं राहावं? न्यूट्रॉनबाबांनी म्हणे जर्मनीहून यंत्र आणलं होतं. अर्ध्या तासात कॅन्सर खलास!

"आवाज सुनो!" बाबांनी सत्यवतीबाईंच्या गळ्यावरच्या गाठीवर केशरी रुमाल पसरला आणि वर किरण मोजायची पेटी धरली. पेटी लाह्या फुटाव्यात तशी तडतडली. "ये जहर बोल रहा, अम्मा!" मग यंत्राची घरघर आणि निळा उजेड. अर्ध्या तासानं पांढरा रुमाल, पुन्हा पेटी. आता गप्प! लोकांनी टाळ्या पिटल्या.

"आता इस्पितळात जायचं नक्को ना, बाबा?" सत्यवतीबाईंनी रडत विचारलं.

"बिलकुल नक्को!"

मागच्या रांगेत माधवीच्या मुठी वळल्या. इथंच पेटी अशी गप्प झाली म्हणून तिच्या सुधीरदादानं पेढे वाटले होते. तीसपैकी अकरा बैठका झाल्यावर त्यानं इस्पितळातले किरणोपचार सोडले आणि चार महिन्यांत तो गेला. त्याच इस्पितळात माधवी किरणांची मात्रा मोजायची. रोज सकाळी यंत्राखाली माणसाच्या जागी पाण्याची टाकी ठेवून ती मोजमाप घेई. आकडा जुळल्याशिवाय पहिला रुग्ण आत जात नसे. तीन रविवार ती इथं येऊन बसली होती, ती दर्शनाला नव्हे. तिला सूड हवा होता.

ती उठली. "बाबा, मात्रा किती दिलीत?"

"दैवी शक्ती का हिसाब कौन रखता?"

"मी ठेवते. पगार त्याचाच घेते." ती थेट यंत्राशी गेली. "न्यूट्रॉननं उपचार होतात, पण मोजूनमापून, आणि मध्ये दोन हात जाड भिंत घालून. तुमची भिंत कुठाय? खरे न्यूट्रॉन सुटले असते तर तुम्हीच आधी पळाला असता!" तिनं मागची फळी उपटली. आत टेबलफॅनची मोटर आणि निळा दिवा.

मग तिनं पिशवीतून आपली पेटी काढून केशरी रुमालावर धरली. तडतड! रुमालाची शिवण टराटरा फाडली, तर आतून वरातीतल्या गॅसबत्तीच्या चार जाळ्या पडल्या.

"यांत थोरियम असतं, किरण सोडणारा धातू. पेटी त्याला भुंकते, कॅन्सरला नाही. रुमाल बदलला की पेटी गप्प आणि तुम्ही बरे!"

बाबा मागच्या दाराकडे सटकले. तिथं माधवीनं आधीच पोलीस उभे केले होते. मानगूट धरून त्यांना नेताना तिनं डोळे भरून पाहिलं. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. दादा मात्र परत येणार नव्हता.

"मग माझी गाठ?" सत्यवतीबाईंनी गळा चाचपला.

"आहे तिथंच आहे, मावशी. इस्पितळात किती बैठका झाल्यात?"

"नऊ."

"उद्या सात वाजता या. पुढचं डॉक्टर ठरवतील, यंत्र मी मोजून ठेवते." मग ती गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही! कुणीही औषध दिलं तर विचारा, किती दिलं आणि कुणी मोजलं? माझ्या भावानं विचारलं नाही. तुम्ही विचारा."