सिस्टर युर्गेनसेनची साक्ष

नेडीन युर्गेनसेनच्या मंदिराच्या दाखल्याची मुदत ऑगस्टच्या एकतीस तारखेला संपत होती आणि तिच्या मुलीचं लग्न तेरा सप्टेंबरला होतं. एरवी यात काळजीचं काही नव्हतं. दर दोन वर्षांनी आम्ही सगळेच बिशपसमोर बसतो, ठरलेल्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो आणि सही घेऊन घरी येतो. आमच्या चर्चची लग्नं मंदिरात लागतात, आणि दाखला नसेल त्याला तिथे प्रवेश नाही, मग ती वधूची आई का असेना. असे आईबाप लग्न लागेपर्यंत बाहेर बसतात. टेकडीवरच्या मंदिराबाहेर गुलाबांच्या वाफ्याशेजारी बाक आहेत. त्यांच्यावर कोण बसलं होतं, हे आमच्या गावात वीस वर्षं लक्षात राहतं.

झालं होतं ते एवढंच. नेडीन नऊ वर्षं रविवारी मोठ्यांचा वर्ग घेत असे. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी धडा प्रार्थनेवर होता. टेसा बॅग्लीचं मूल जुलैत पोटातच गेलं होतं. ती मध्येच म्हणाली, “मला प्रार्थनाच करता येत नाहीये. ‘हे पित्या’ म्हटलं की पुढे शब्दच फुटत नाही.” आणि रडायला लागली.

नेडीनने पुस्तक मिटलं. “मग आईला हाक मार,” ती म्हणाली. “स्वर्गात आपली आईही आहेच ना. माझा जेन्स गेला तेव्हापासून मी तिलाच हाक मारते.”

खोली गार पडली. स्वर्गात आई आहे हे आम्ही मानतो, आमच्या स्तोत्रांतही ती आहे. पण प्रार्थना पित्याचीच करायची, हेही आम्हाला स्पष्ट सांगितलेलं आहे. नेडीनला ते ठाऊक होतं. जेन्स एकोणीस दिवसांचा होऊन गेला, त्याला तेवीस वर्षं झाली. तेवढी वर्षं ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी राहून त्या आईशी बोलत होती, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

खोलीत आम्ही अकरा जण होतो. संध्याकाळपर्यंत बिशपला कळलं. मी सांगितलं नाही. पण तिच्या बाजूने तोंडही उघडलं नाही.

आमचा बिशप रुलन स्टॉट, वय अडतीस. आमच्याकडे बिशपला पगार नसतो, त्यामुळे रुलनचं टायरचं दुकान आहे. लहानपणी तो नेडीनच्याच हाताखाली, मुलांच्या वर्गात शिकला होता; तिला तो ‘सिस्टर’ म्हणतो, आमच्याकडे चर्चमधल्या सगळ्याच बायकांना म्हणतात तसं. बुधवारी संध्याकाळी ती त्याच्यापुढे बसली. पुढचं संभाषण तिने मला सांगितलं तसं देतो.

“चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्या कुठल्या शिकवणीला तुम्ही पाठिंबा देता का, सिस्टर? तिचा प्रसार करता का?”

नेडीन त्याच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिली.

“इथे ‘नाही’ म्हणायचं असतं,” रुलन हळूच म्हणाला.

“ठाऊक आहे रे. तू रांगत होतास तेव्हापासून म्हणतेय.”

तो हसला. मग त्याने पेन खाली ठेवलं. “टेसाला तुम्ही जे सांगितलंत...”

“खरं होतं तेच सांगितलं.”

“तुम्ही मनात काय करता ते मी विचारतच नाहीये. पण वर्गात बोललात ना, तेवढं सगळ्यांपुढे मागे घ्या. पहिल्या रविवारी, उपासाच्या दिवशी, साक्ष द्यायला उभ्या राहा आणि प्रार्थना पित्याचीच करायची असं सांगा. दोन मिनिटांचं काम. त्याच दिवशी सही करतो.”

“अकरावं कलम म्हणून दाखव.”

“आत्ता?”

“आत्ता. त्याच्यावर माझ्याकडून चॉकलेट उकळलं होतंस.”

आमच्या श्रद्धेची तेरा कलमं मुलं बारा वर्षांची व्हायच्या आत पाठ करतात. अकरावं सांगतं की माणसाने आपल्या विवेकाला पटेल तशी देवाची भक्ती करावी, आणि दुसऱ्यालाही त्याच्या पद्धतीने करू द्यावी. रुलनने ते एकही शब्द न चुकता म्हटलं. म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

“ते बाहेरच्यांसाठी आहे, सिस्टर. सरकारसाठी, शेजारच्या चर्चसाठी. घरात घरासारखंच राहावं लागतं ना?”

“मी घराबाहेर जाते म्हणाले का?”

रुलनने पेन उचलून खिशात घातलं. ती सही न घेताच घरी आली.

घरी पीचच्या बरण्या भरायचं काम चाललं होतं. मुलगी मारेन बावीस वर्षांची, जेन्सच्या पुढच्या वर्षी झालेली. नवरामुलगा डेरेक आयडाहोचा आणि त्याच्याकडची चाळीस माणसं येणार होती.

“आई, काय म्हणायचं ते मनात म्हण ना! कोण ऐकायला येतंय?”

“मनातच म्हणत होते, तेवीस वर्षं.”

“मग वर्गात कशाला बोललीस?”

“ती पोरगी रडत होती गं.”

“मग मीही रडू का? थांब, रडते.” मारेनने पीचची सुरी आपटली. “बस बाकावर! डेरेकच्या आईला मी सांगेन, आमच्या आईला ऊन फार आवडतं.”

व्हर्ल, म्हणजे नेडीनचा नवरा, झाकणं पुसत होता. “म्हणून टाक ना, नेड. चाळीस वर्षं मी ‘हो’ म्हणतोय. मला काय झालं?”

“तुला काय झालं, तेच तर बघतेय.”

कुणी हसलं नाही. मारेन खरंच रडायला लागली होती.

सात सप्टेंबरला उपासाचा रविवार होता. त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने पुढे यावं, माइकसमोर आपली साक्ष द्यावी, म्हणजे आपली श्रद्धा सगळ्यांपुढे बोलून दाखवावी. लहान मुलंही येतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला काय बोलायचं कळत नाही, म्हणून आई मागे उभी राहून कानात एकेक वाक्य सांगते आणि मूल ते माइकवर म्हणतं. हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे. माझं आईबाबांवर प्रेम आहे. लोक कौतुकाने हसतात. मारेनची पहिली साक्षही अशीच झाली होती. कानात सांगणारी नेडीन होती.

नेडीन उठली, पुढे गेली आणि माइकच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभी राहिली.

“बंधूंनो, भगिनींनो,” ती म्हणाली आणि थांबली.

चौथ्या रांगेत टेसा होती. रुलन नेडीनच्या मागे व्यासपीठावर, बुटांकडे बघत बसला होता. कुणाच्या तरी रिकाम्या पोटाचा आवाज आला.

मग बाकावरून मारेन उठली. ती शांतपणे चालत गेली, आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. माइकमध्ये नुसता श्वास खरखरला.

“आपण प्रार्थना स्वर्गातल्या पित्याचीच करतो,” नेडीन म्हणाली.

श्वास.

“मी वर्गात चुकीचं बोलले.”

श्वास.

“हे मला ठाऊक आहे.”

एक-दोघं मुलांच्या साक्षीला हसतात तसं हसली. माझ्या मागे म्हातारी सिस्टर पीयू म्हणाली, “किती गोड.” शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. टेसा तेवढ्यात बाहेर निघून गेली होती.

सभा सुटल्यावर रुलनने तिला आत नेऊन प्रश्न पुन्हा विचारले आणि सही केली. वरच्या अधिकाऱ्याची दुसरी सही बुधवारी झाली. त्याला चार मिनिटं लागली.

तेरा तारखेला नेडीन आत होती, पांढऱ्या कपड्यांत, पहिल्या खुर्चीवर. त्या खोलीत समोरासमोर आरसे असतात आणि त्यांत माणसं एकामागे एक, संपतच नाहीत. बाहेरच्या बाकांवर त्या दिवशी कुणी नव्हतं.

ऑक्टोबरात ती आमच्या रिकाम्या बरण्या परत करायला आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

“मारेन आणि डेरेक गुडघे टेकून बसले, तेव्हा मी डोळे मिटले,” ती म्हणाली. “त्या स्वर्गातल्या आईला हाक मारायला. शब्द मनात यायच्या आधी कानाशी श्वास आला. ‘पिता’ म्हण. मी डोळे उघडले. मारेन समोरच होती, हललीही नव्हती. पुन्हा मिटले, पुन्हा तेच. आता सिंकपाशीही येतो.”

“मारेनचा आवाज?”

“आधी तिचा वाटायचा. आता माझाच वाटतो. तिच्या कानात सांगायचे ना, तेव्हाचा.”

ती बरण्या टेबलावर एकेक करून मांडत होती.

“काल टेसा आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, सिस्टर, एवढंच सांगा, तुम्ही हाक मारायचात तेव्हा कुणी ऐकायचं का?”

“मग? काय सांगितलंत?”

नेडीनने शेवटची बरणी ठेवली आणि तिचं झाकण आधीच घट्ट असूनही पुन्हा पिळलं.

“बिशपला विचार म्हणाले.”