आरपार दिवळी

दिवाळीचा फराळ संपत आला, की सिंधुबाई कंधारहून एसटीनं नांदेडला जायच्या आणि इतवाऱ्यातल्या घराची थंडीआधीची डागडुजी करून घ्यायच्या. खिडक्यांच्या काचा, दाराखालच्या फटी, मोरीतला तांब्याचा बंब, अंगणात ऊन यावं म्हणून कडुलिंबाची छाटणी. त्यांचे यजमान किशनराव शेताचं निमित्त सांगून गावीच राहायचे आणि वर "घरमालक तू का मी?" असं चिडवायचेही. यंदा आषाढात सिंधुबाई वारल्या आणि घरमालकाला पहिल्यांदाच आपलं घर नीट बघावं लागलं.

घर म्हणजे मधे भिंत घालून दोन केलेलं एकच बिऱ्हाड. पलीकडे तय्यब गादीवाल्याची बायको शकिला, लग्न होऊन आली तेव्हापासून भाडेकरू. अलीकडची खोली मालकांची. पोरं शिकत होती तोवर सिंधुबाई त्यांना घेऊन इथंच राहिल्या. पुढं पोरं पुण्याला गेली, तरी ती खोली त्यांनी कुणाला दिली नाही.

मधल्या भिंतीत एक आरपार दिवळी होती. एकाच दिव्याचा उजेड दोन्हीकडे पडावा म्हणून किशनरावांच्या वडिलांनी ती ठेवली होती. म्हातारा तेलाच्या थेंबालाही जपायचा. वीज आली, दिवा गेला, भोक तेवढं राहिलं. हिवाळ्यात त्यातून असं वारं यायचं की हाडं वाजावीत. किशनराव दरवर्षी म्हणायचे, बुजवून टाक. सिंधुबाई दरवर्षी हो म्हणायच्या, झोपताना त्यात एक बोळा कोंबायच्या आणि सकाळी काढायच्या. बाईमाणूस हट्टी, असं म्हणून किशनरावांनी तो विषय सोडून दिला होता.

यंदा मात्र इलाज नव्हता. हिमायतनगरच्या साहेबरावांची लेक ऋतुजा कॉलेजसाठी त्या खोलीत राहायला येणार होती. साहेबरावांनी सगळी खोली पाहिली आणि दिवळीपाशी थांबून स्पष्टच सांगितलं, परक्याच्या स्वैपाकघरात उघडणारं भोक चालणार नाही, थंडीही येईल. त्यात गैर काही नव्हतं. किशनरावांनी शब्द देऊन टाकला. शकिलाच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "हाव, बापाचा जीव हाय. बरोबरच हाय," आणि पदर सावरून आत गेली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर दिसली नाही. मालकाच्या भिंतीबद्दल भाडेकरूनं बोलावं तरी काय?

सकाळी वैजनाथ गवंडी आला. त्यानं विटा मांडल्या, सिमेंट-वाळूचा माल कालवला. सिंधुबाईंनी शेवटचं कुलूप लावताना कोंबलेला बोळा दिवळीत तसाच होता. तो निदान आपल्या हातानं काढावा, म्हणून किशनराव पुढं झाले. ओढता ओढता बोळ्याची एक बाही बाहेर आली.

तो त्यांचा स्वेटर होता. सासुरवाडीहून आलेला, गडद तपकिरी. कंधारच्या एसटीत हरवला म्हणून ते इतकी वर्षं दर थंडीत त्या कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत आले होते. बिचारा कंडक्टर! किशनरावांना हसू आलं. एवढ्या वर्षांत एकदाही बोलली नाही बाई.

तेवढ्यात पलीकडे भांडं वाजलं. बांगड्यांचा आवाज झाला आणि दिवळीतून एक हात आत आला. हातात वाफाळलेला चहाचा कप. वैजनाथची थापी जागच्या जागी थांबली. पलीकडेही काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण हात तसाच राहिला.

"वहिनी उठल्या की पहिलं बोळा काढायच्या," शकिला भिंतीआडून म्हणाली. "तो ओढल्याचा आवाज झाला की मी चहा द्यायची. आज बी हात आपसूक गेला, भाऊ. माफ करा."

किशनरावांनी कप घेतला. चहा आल्याचा, जरा जास्तच गोड. त्यांचे डोळे भरून आले होते आणि गवंड्यापासून ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"मला कधी सांगितलं न्हाई तिनं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर 'चहा दारातून घ्या' म्हणून तुम्ही ह्ये भोक बुजवलं असतं."

वैजनाथनं माल सुकत असल्याची आठवण दिली. किशनरावांनी तो उंबऱ्याच्या फटीत भरायला लावला आणि सुताराला बोलावणं धाडलं. संध्याकाळपर्यंत दिवळीला सागाची घट्ट झडप बसली, कडी ऋतुजाच्या बाजूला. साहेबरावांनी दोनदा ओढून पाहिली. पोरीच्या मर्जीवाचून ती उघडणार नाही, वारंही येणार नाही, एवढी खात्री झाल्यावर त्यांनी मान डोलावली.

ऋतुजाला सगळं सांगावं, असं किशनरावांच्या फार मनात होतं. पण बळंच जोडून दिलेली सोबत किती टिकणार? कानाला फोन लावलेली आजची पोर, झडपेवर आरसा टांगून मोकळी होईल, असं मनाशी म्हणत ते स्वेटर पिशवीत घालून गावी परतले.

थंडी पडली. किशनराव स्वेटर घालून, शेकोटीपाशी एकटेच, चुलीवरचा स्वतः केलेला फिक्का चहा पीत होते. फोन वाजला. शकिलाचा होता.

"भाऊ, आत्ता दिवळीची कडी वाजली," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून दोन कप चहा टाकून राहिले होते."