टाकी आणणारे वकील

"पुन्हा शेंगा," टायपिस्ट कौतिक मंदाबाईच्या कानाशी पुटपुटला. "टाइपरायटरात फोलपटं गेलीत माझ्या. पण त्या बाईला सांगणार कोण?"

शेंगा दारातल्या बाकावर बसलेल्या शेवंताबाईंनी आणल्या होत्या. वकिलाकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून त्या रोज आणत.

जळगावात सरकारी टेंडरांची भांडणं म्हटली की नानांचंच ऑफिस. हाताखाली आठ वकील. त्यांत बाई एकटी मंदाबाई. त्यामुळे रडणारी माणसं तिच्या टेबलाकडे ढकलायची, असा न लिहिलेला नियम होता.

एकोणनव्वद साली धरणगावकडच्या एका खेड्यात पाण्याची टाकी बांधायचं टेंडर मोतीलालशेठना मिळालं. शेठ सिमेंट कमी घालतात म्हणून सरकारी इंजिनिअर काम काढून घ्यायला निघाला, तर नानांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि शेठनीच टाकी पुरी केली. कागद मंदाबाईनेच तयार केले होते. गावाला त्यातलं एवढंच कळलं, की जळगावच्या वकिलाने भांडून टाकी आणली. मग नारळ फोडायला नानांनाच नेलं. पंप चालवणाऱ्या उखर्डूच्या बायकोने, या शेवंताबाईंनीच, त्यांना ओवाळलं. नानांनी ताटात नोट टाकली आणि गैरसमज तसाच ठेवून परत आले.

यंदा दिवाळीनंतर टाकी कोसळली. खाली उखर्डू होता.

आता शेठ म्हणत होते, उखर्डूने टाकी प्रमाणाबाहेर भरली. भरलेली टाकी वाहते, कोसळत नाही, हे ऑफिसातल्या सगळ्यांना कळत होतं. तरी उद्याच्या सुनावणीत नाना तेच मांडणार होते, म्हणजे शेठचं नाव काळ्या यादीत जायचं वाचेल. आणि मेलेल्या नवऱ्यावरचा हा बट्टा पुसायला शेवंताबाई आल्या होत्या त्या ओळखीच्या एकमेव वकिलाकडे.

नाना मागच्या दाराने येत-जात. बाकीचे बाईंना चहा पाजत. कोणी म्हणे साहेब कामात आहेत, कोणी म्हणे उद्यानंतर बघू. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

सकाळी नानांनी मंदाबाईला आत बोलावून सांगितलं होतं, की आजचा दिवस त्या शेवंताबाईला बसवून ठेवा. दुसरा वकील धरला तर उद्या समोर येऊन उभी राहील. वर म्हणाले, तुम्हाला प्रेमाने बोलायला जमतं.

जमत होतंच. मंदाबाई बाकावर शेजारी जाऊन बसली. शेवंताबाईंनी तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या.

"ताई, टाकी वाहाले लागनी का मना मालक पंप बंद करे. बठ्ठा गावले माहीत शे. वकीलसाहेब उद्या इतलंच सांगतीन ना?"

मंदाबाईने ओंजळ तशीच धरून ठेवली. मग एकही शेंग खाली न पाडता सगळ्या पिशवीत परत ओतल्या.

"अक्का, धुळ्याची गाडी धरा. तिथे बन्सीलाल वकील आहेत, नानांना न भिणारे. उद्या त्यांनाच घेऊन या."

"आन् नाना?"

आत नाना खाकरले. कौतिकने मान खाली घातली.

"नाना शेठचे वकील आहेत. मीही. इंजिनिअर ती टाकी थांबवत होता, अक्का. आम्ही थांबवू दिली नाही."